जेवलास का, पगार झाला का, निकाल कधी?

आई-बाबांनो,

रात्री नऊ-साडेनऊला आपल्या भागातून चाकणला, मोशी-भोसरीला, हिंजवडीला जे फोन जातात, ते बहुतेक एकाच चालीवर असतात. जेवलास का? मग, पगार झाला का? आणि पोरानं नोकरी सांभाळून आणखी काही मनात धरलं असेल, म्हणजे एमपीएससी, सीए, कुणाचं गाणं, कुणाची कुस्ती, कुणाला भाड्याच्या गाळ्यात स्वतःची एखादी लेथ टाकायचीय, तर शेवटचा प्रश्न ठरलेला: त्याचं काय झालं मग, निकाल कधी? हे सगळं तुम्ही मायेनंच विचारता. पण दिवसभर टार्गेट मोजून आलेल्या पोराला पहिल्या प्रश्नात आई ऐकू येते आणि उरलेल्या दोन्हींत सुपरवायझर.

माझी सगळी नोकरी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या शाळांत झाली. हाताखालून गेलेली पोरं आता पंचविशी-तिशीत आहेत. मंचरच्या स्टँडवर भेटतात, नारायणगावच्या बाजारात भेटतात, लग्नात तर हमखास. इकडचं तिकडचं झालं की जाता जाता म्हणतात, ‘सर, आमच्या घरी एकदा बोला ना. तुमचं ऐकतील.’ काय बोलू, असं विचारलं की गप्प. ती जे बोलली नाहीत ते मी इथं लिहितोय. घरोघर येणं काही आता गुडघ्यांना झेपत नाही.

एका मुलाचा दिवस सांगतो. गाव घोड नदीकाठचं, एवढं पुरे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला, तेही कंत्राटदारामार्फत. शिफ्ट दर आठवड्याला फिरते. फर्स्ट असली की भल्या पहाटे फाट्यावर उभं राहायचं, कारण कंपनीची बस कुणासाठी थांबत नाही. येताना चाकणच्या तळेगाव चौकात अडकली की अडकली. दुपारी सुटलेला माणूस घरी टेकतो तेव्हा दिवेलागण होत आलेली असते. त्या बसमध्ये हा मोबाईलवर चालू घडामोडी वाचतो. त्याच्या नोट्स मी पाहिल्यात. कारखान्यातले रद्दीत निघालेले प्रॉडक्शन रिपोर्ट तो घरी आणतो आणि पाठकोऱ्या बाजूला लिहितो. एका अंगाला ‘रिजेक्शन १४ नग, कारण : डेंट’, दुसऱ्या अंगाला ७३ वी घटनादुरुस्ती, ग्रामसभा, आरक्षण, सगळं मुद्देसूद. अक्षर शाळेत होतं त्याहून चांगलं आहे.

थर्ड शिफ्टच्या आठवड्यात तो सकाळी घरी येतो, अंघोळ करतो आणि डोळ्यांवर टॉवेल टाकून पडतो. दहाला दळण आणायची हाक. अकराला कुणी चुलता येऊन ओट्यावरूनच विचारतो, ‘काय रे, अजून झोपलाय व्हय?’ साडेबाराला आई जेवायला उठवते, कारण लेकरू उपाशी झोपलंय. दोनला तो पुस्तक उघडतो तर एक ओळ पुढं सरकत नाही, आणि घरात पुटपुट सुरू होते की याचं अभ्यासात लक्षच नाही.

आता तुमचं आठवा. रात्रीची थ्री फेज आली म्हणून तुम्ही बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला जाता. वर आपल्याकडं बिबट्याची धास्ती. जुन्नर वनविभागात रात्री उसाच्या कडेनं चालणं म्हणजे काय, ते शहरातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. अशा रात्रीनंतर सकाळी तुम्ही आडवे झालात तर घरात कुणी भांडं वाजवत नाही. पोरं अंगणात पिटाळली जातात. मग थर्ड करून आलेल्याच्या झोपेला तोच मान का नाही? त्याची खिडकी झाका, दुपारपर्यंत हाक मारू नका, आणि पाहुण्याला ठणकावून सांगा की रात्रभर कामावर होता. त्याचा अभ्यास वाढावा असं वाटत असेल तर आधी झोप द्या. नवी पुस्तकं नंतर.

मुलींचं दुखणं वेगळं आहे आणि ते अजून कमी बोललं जातं. करोनानंतर घरून काम करणाऱ्या पोरी आपल्याकडं बऱ्याच झाल्या. ओतूरच्या बाजूची एक माझी विद्यार्थिनी आहे. कंपनी हिंजवडीची, आठवड्यातले काही दिवस काम घरून. रेंज गच्चीवर येते म्हणून जिन्याच्या खोलीत टेबल टाकलंय. लाईट गेली की लॅपटॉपच्या बॅटरीवर आणि मोबाईलच्या नेटवर जेवढा वेळ निघेल तेवढा. खालून हाका चालू: जरा चहा टाक गं, सिलिंडरवाला आलाय, भावाला वाढ. मीटिंग आहे म्हटलं की उत्तर तयार, ‘घरीच तर आहेस!’ परदेशातल्या लोकांबरोबरचं काम रात्री उशिरा संपतं. त्यानंतर तिला गेटचा अभ्यास करायचा असतो, कारण तिला एम.टेक. करायचंय, आणि सकाळी सडा-रांगोळी कुणाला चुकलीय? आपल्या घरांत भाऊ ‘कामाला जातो’ आणि बहीण ‘लॅपटॉपवर बसते’. दोघांच्या पगाराच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून बघा एकदा. तिची मोठी निघाली तर नवल वाटू देऊ नका. त्यात स्थळं येतात, आणि ‘एवढं एक वर्ष बघ, पुढं आम्ही ऐकणार नाही’ ही मुदत तिच्या डोक्यावर टांगलेली. मुलाला परीक्षेची मुदत असते, तिला परीक्षेची आणि वयाची.

हे सगळं मांडलं की एक वाक्य हमखास येतं, ‘आम्ही काय कमी कष्ट केले का? आमच्या बापानं मुंबईत गोण्या उचलल्या.’ उचलल्या, खरंच उचलल्या. मावळ, खेड, आंबेगाव आणि जुन्नर या पट्ट्यानं मुंबईला डबेवाले दिले, माथाडी दिले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये डब्यांचं काम सुरू केलं, तेव्हापासून आपली माणसं डोक्यावर लांबलचक फळी घेऊन लोकलच्या गर्दीत घुसतायत. त्या कष्टांपुढं कुणीही मान खाली घालावी.

पण त्या कष्टांची दुसरी बाजू आपण पोरांना सांगत नाही. रिकामा डबा संध्याकाळी घरी पोचला की डबेवाल्याचं काम संपायचं. रात्री अकराला कुणी त्याला ‘उद्याच्या डब्याचं जरा बघ’ म्हणून मेसेज करत नव्हतं. राहायला गावकीची खोली. आजूबाजूला आपल्याच गावची, आपल्याच भावकीची माणसं. एखाद्याचं डोकं ठिकाणावर नाही हे दुसऱ्याला न सांगता कळायचं. आणि चैत्र आला की ग्रामदैवताच्या जत्रेसाठी डबेवाले पाच-सहा दिवस सुट्टी जाहीर करतात, आजही करतात, आणि सगळे मिळून गावाला येतात. तेवढे दिवस मुंबईतल्या साहेबानं आपलं जेवण आपण बघायचं. ही सुट्टी कुणा मालकानं दिलेली नाही, त्यांनीच पाडलेली रीत आहे. गोण्या उचलणारेही नुसते सोसत बसले नाहीत. अण्णासाहेब पाटलांच्या मागं उभं राहून त्यांनी १९६९ चा माथाडी कायदा पदरात पाडून घेतला. म्हणजे आपल्या बापजाद्यांनी कष्ट केले, आणि कष्टाला हद्दही घालून घेतली. आपण पोरांना वारसा सांगताना पहिला अर्धा भाग सांगतो आणि दुसरा गाळतो.

आजच्या कंत्राटी पोराला जत्रेच्या दिवशीची रजा मिळेल की नाही, याचा भरवसा नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यानं दिवसाचे नऊ आणि आठवड्याचे ४८ तास ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातले दिवसाचे तास १२ पर्यंत नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा तीच ठेवली. कागदावर हिशोब जुळतो. बसमध्ये जाणारे तास मात्र कुठल्याच कायद्यात मोजत नाहीत, आणि ज्याला अभ्यास करायचाय त्याचा दिवस या न मोजलेल्या तासांतच संपतो. म्हणून, पोरगं चिडचिड करतंय म्हटल्यावर ‘मनानं कमजोर आहे’ असा शिक्का मारायच्या आधी त्याचे तास मोजा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो, असं त्यात आढळलं. कारखान्यातले आणि टेबलावरच्या अभ्यासाचे तास शरीर वेगवेगळे धरत असेल, असं मला वाटत नाही.

महत्त्वाकांक्षी पोरांची एक अडचण असते, ती स्वतःहून थांबत नाहीत. जुलै २०२४ मध्ये पुण्यात ईवाय या बड्या कंपनीच्या कामावर असलेली कोचीकडची २६ वर्षांची सीए मुलगी गेली. नोकरीला लागून चारच महिने झाले होते. सप्टेंबरमध्ये तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. कामाच्या ओझ्यानं मुलगी गेली, हे आईचं म्हणणं. कंपनीनं ते मान्य केलं नाही. तो निवाडा करणारा मी कोण! पण त्या पत्रातला एक प्रसंग मला आई-बापांसाठी फार मोलाचा वाटतो. सीएच्या पदवीदान समारंभाला आई-वडील पुण्याला आले होते. आपल्या कमाईतून त्यांना तिथं न्यायचं, ही मुलीची केव्हापासूनची हौस. छातीत आवळल्यासारखं होतंय म्हणून त्यांनी तिला डॉक्टरांकडे नेलं. झोप पुरेशी नाही, जेवण वेळेवर नाही, असं निदान झालं. समारंभाचा दिवस रविवार, आणि त्या दिवशीही ती दुपारपर्यंत काम करत होती. सोडून दे नोकरी, असं घरच्यांनी म्हटलं नव्हतं असं नाही. पण तिला शिकायचं होतं, पुढं जायचं होतं.

हे वाचून ‘आता आम्ही पोरांना पुढं जाऊच द्यायचं नाही का?’ असं विचारू नका. जाऊ द्या. फक्त एवढं ध्यानात ठेवा की ज्याला पुढं जायचंय तो ‘दमलो’ हा शब्द सगळ्यात शेवटी उच्चारतो. तो त्याच्या तोंडून यायची वाट बघू नका.

नारायणगावकरांना राग येईल, तरी एक बोलतो. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची गोष्ट आपण छाती पुढं काढून सांगतो. दिवस भरलेले, वग रंगात आलेला, कळा सुरू झाल्या. कनातीमागं बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. १९५७ मध्ये आणि नंतर १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेली ही बाई. त्यांच्यासारखी कलावंत पुन्हा झाली नाही, हे मी मान्य करतो. पण ही गोष्ट सांगताना आपण नेहमी प्रेक्षकांच्या बाजूनं सांगतो. त्या कनातीमागं ‘आज फड बंद, बाई, पडून राहा’ म्हणणारं कुणी का नव्हतं, हे आपण कधी विचारत नाही. त्यांची उतारवयातली वर्षं ओढाताणीत गेली, २००२ मध्ये त्या गेल्या, आणि त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सरकारनं त्यानंतर सुरू केला. आजही पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. येऊ देत. पण आपल्या पोरापोरींना धीर द्यायला ही गोष्ट वापरू नका. ती सोसण्याची गोष्ट आहे, आणि सोसायला लावणारे आपणच होतो.

आता पैशाचं. यावर जरा जास्त बोलतो, कारण बाकीच्या ताणांचं मूळ मला बहुतेक इथं सापडतं. पोराला नोकरी लागली की वर्षाच्या आत आपल्याकडं घराचं काम निघतं. आधी दोन खोल्यांचा बेत असतो, मग शेजाऱ्याचा स्लॅब दिसतो, मग वरचा मजला, जिन्याला स्टीलचा कठडा, दर्शनी भिंतीला टाइल्स. कर्ज पोराच्या पगारावर. त्या मागोमाग बहिणीचं लग्न. बिचाऱ्याला अजून पर्मनंटचं पत्र मिळालेलं नसतं आणि पुढच्या १५ वर्षांचे हप्ते त्याच्या नावावर चढलेले असतात. मग एक दिवस तो म्हणतो, सहा महिने नोकरी सोडून फक्त मुख्य परीक्षेचा अभ्यास करतो. किंवा, साहेब नको ते बोलतो, दुसरीकडे बघतो. तुम्ही वाईट बोलत नाही, फक्त बंगल्याकडे बघता. त्या बघण्यात सगळं येतं. ज्याला काम सोडता येत नाही, त्याला साहेबापुढं कधी नाहीही म्हणता येत नाही. त्याचा ताण योगासनं करून जाणार नाही, हप्ता कमी झाला तर जाईल.

म्हणून हात जोडून सांगतो, पहिली दोन-तीन वर्षं त्याच्या पगारावर काही उभं करू नका. सहा महिन्यांचा घरखर्च निघेल एवढे पैसे त्याच्या नावानं पतसंस्थेत नाही तर बँकेत बाजूला पडू द्या, आणि ते त्याचे आहेत हे त्याला सांगा. नुसतं ते ठाऊक असलं तरी माणूस कामावर ताठ मानेनं उभा राहतो. घर चार वर्षं उशिरा झालं तर आकाश कोसळत नाही. पाहुणे थोडे नाक मुरडतील. त्यांची नाकं त्यांच्याजवळ.

सोयरिकीचं मला कळतं. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही, मुलीकडचे आधी विचारतात की चाकणला पर्मनंट आहे का, मोशीला फ्लॅट आहे का. हे दुःख खरं आहे आणि ते तुमच्या एकट्याच्या हातातलं नाही. पण त्या बाजारासाठी पोराला दहा ठिकाणी बांधून ठेवलंत, तर लग्न होऊन येणारी पोरगीही त्याच दाव्याला बांधली जाते. ती तरी कुणाची लेक आहेच ना?

फ्लेक्सचंही बोलायला हवं. गावातला एखादा पोरगा फौजदार झाला की वेशीपासून शाळेपर्यंत बोर्ड, जेसीबीतून गुलाल, डीजे. व्हावं कौतुक, त्यानं केलंय. पण त्या रात्री त्याच गल्लीत दुसरा एक जण दार लोटून बसलेला असतो. त्याला जेवायला बोलवायचं सोडून आपण म्हणतो, ‘बघ, त्याचं झालं. तुझ्याच बेंचवर बसायचा ना?’ या एका वाक्यानं काय होतं ते मी पोरांच्या तोंडून ऐकलंय, सगळं लिहिण्यासारखं नाही. राज्यसेवेला जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असतात. म्हणजे चांगला अभ्यास केलेलीही बहुतेक पोरं बाहेरच राहणार. हा साधा हिशोब आहे, त्यात कुणाचा नालायकपणा नाही.

यावर मला सुचतं ते एवढंच. किती वर्षं द्यायची, हे घरात एकदा बसून ठरवा. जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून, पोराचं ऐकून. किती प्रयत्न, तोवर नोकरी चालू ठेवायची की सोडायची, पैसा कुठून येणार, नाही झालं तर पुढं काय. ते वहीत लिहून ठेवा, नाही तर सहा महिन्यांनी जो तो आपल्याला सोयीचं आठवतो. आणि एकदा ठरलं की मधल्या काळात निकालाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. ही अट तुमच्यासाठी आहे, त्याच्यासाठी नव्हे. मुलगी असेल तर स्थळांचा विषयही त्याच मुदतीत बंद.

मुळात ते स्वप्न कुणाचं आहे, हेही त्याच बैठकीत कळून जाईल. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्तानं, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात प्रदर्शन भरतं. त्या ३० महाकाय तबकड्या, एकेकीचा व्यास ४५ मीटर, आपल्या कांद्याच्या वावरांच्या शेजारी आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात. कित्येक वर्षं मी पोरांना तिथं घेऊन जायचो. येताना गाडीत कुणीतरी हमखास म्हणायचं, मला इथंच काम करायचंय. त्यातली फार थोडी विज्ञानाकडं गेली. बाकीच्यांच्या स्वप्नांचं काय झालं, विचारलं तर उत्तर येतं, ‘पप्पा म्हणाले डिप्लोमा कर, लगेच लागशील.’ डिप्लोमा वाईट नाही, त्यावर आपली शेकडो घरं उभी आहेत. पण जे काम स्वतः निवडलंय त्याचा शीण झोपेनं उतरतो, आणि दुसऱ्यानं गळ्यात घातलेल्याचा रविवारीही उतरत नाही, हे मी इतक्या पोरांत पाहिलंय की आता त्याला पुरावा मागत नाही.

याच्या उलटही घडतं. पोरगं म्हणतं, नोकरी पुरे, मी गावी येऊन रोपवाटिका काढतो, द्राक्षं करतो, टोमॅटो करतो. तेव्हा मात्र शेतकरी बापच आडवा पडतो. का पडतो तेही मला कळतं. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला, तो सगळ्या देशाच्या बातम्यांत आला. तोडणीचा खर्च सुटत नाही म्हणून ज्या सालांत माल बांधावर ओतला, त्याची बातमी कुणी केली नाही, पण ती तुमच्या अंगावर आहे. बापाला पोरानं त्यात पडू नये असं वाटणारच. तरी एक करा, नाही म्हणायच्या आधी त्याचा कागद मागा. किती गुंठे, पाणी कुठून, भांडवल किती, भाव पडला तर काय. दहा-वीस गुंठ्यांत त्याला एक हंगाम करून बघू द्या, नोकरी चालू ठेवून. त्याला जमतं का ते त्यालाच कळेल, आणि तुमच्यावर आयुष्यभराचा ठपका येणार नाही.

शेवटी थोडं काळजीचं. सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नाही, जेवण तुटलंय, पूर्वी आवडायचं ते काहीच आवडेना, हात सारखा बाटलीकडे जातो, छातीत धडधडतं, फोन उचलणं बंद केलंय, ‘माझा काही उपयोग नाही’ किंवा ‘मी नसतो तर बरं’ अशी भाषा निघते, यातलं काहीही दोन आठवडे टिकलं तर ते नाटक नाही आणि बाहेरची बाधाही नाही. देवऋष्याकडे जायच्या आधी डॉक्टरकडे जा. आधी फॅमिली डॉक्टर, तो मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवेल. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा नंबर आहे, दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर पोराला पाठवाच, पण स्वतःच्या मोबाईलमध्येही ठेवा. घाबरलेल्या आई-बापालाही तिथं बोलता येतं. आणि मरणाची भाषा निघाली तर दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी निघा, जवळ जाऊन बसा, एकटं सोडू नका. वावरातलं काम राहिलं तर राहू द्या.

बाकी रोजच्या फोनचं सोपं आहे. आज बसमध्ये बसायला जागा मिळाली का, डब्यात काय होतं, खोलीवरचा तो नगरकडचा पोरगा कसा आहे, आपल्या गायीला कालवड झाली, विहिरीला पाणी किती आहे, असं काहीही बोला. जे विचारायचंय ते त्यालाच आपणहून सांगू द्या. सांगतो, थोडा वेळ लागतो.

आणि यंदा जत्रेची तारीख ठरली की गावकीच्या पत्रिकेची वाट न बघता पोराला त्याच दिवशी कळवा, म्हणजे त्याला रजेचा अर्ज वेळेत देता येईल. आला की पहिले दोन दिवस त्याला काही विचारू नका. तिसऱ्या दिवशी तो स्वतः वही घेऊन तुमच्याजवळ येऊन बसला नाही, तर मला बोलवा.